पाण्याची लाज

मी कंडक्टर आहे. हे आधी सांगते, कारण हाच आजार मला घरी बसून झाला असता तर इतकी लाज वाटली नसती. घरात मोरी हाताशी असते. एसटीत नसते.

माझं सासर उंब्रजचं आणि डेपो कराडचा. कराडहून कुंडल, पलूस करत सांगलीला जाणाऱ्या गाडीवर मी बरीच वर्षं आहे. नवरा, विलास, फौजेत. घरी सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, आणि सहावीतली मुलगी ईश्वरी. माझ्याबद्दल एवढं पुरे. पुढचं जे आहे ते सांगू नये असं मला अजूनही वाटतं. पण दवाखान्याच्या फेऱ्या मारताना माझ्यासारखी दुसरी कुणी मला भेटली नाही, की जिला विचारावं, "बाई, तुझंपण असंच होतं का गं?" हे वाचून एखादी जरी वेळेवर डॉक्टरकडं गेली, तरी माझी लाज वसूल झाली म्हणायची.

*

सुरुवात मार्चमध्ये झाली. ऊन वाढलं होतं, त्यामुळं तहान लागते यात कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही. पण उन्हाळा गेला, पावसाळा आला, डोंगरावर धुकं उतरलं, लोक गाडीत स्वेटर घालून बसायला लागले, आणि माझी तहान तशीच होती. उलट वाढली.

तहान म्हणजे काय हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जीभ टाळूला चिकटायची. तिकिटाचे पैसे सांगताना शब्द तोंडातून ओढून काढावे लागायचे. साधं पाणी प्यायले तर प्यायल्यासारखं वाटायचं नाही, गारच पाहिजे. बर्फाचं असेल तर फारच बरं. घरी मी फ्रीजमधला बर्फ चणे खावेत तसा खायची. गाडीत आधी एक बाटली नेत होते, मग दोन, मग सीटखाली कॅनच ठेवायला लागले.

रोजचे पासवाले चेष्टा करायचे. "पोटात ऊस लावलाय व्हय बाई?" मीही हसायची. तोवर हसण्यासारखंच होतं.

पण आत गेलेलं पाणी तसंच बाहेर यायचं. रंग नाही, वास नाही, नळाचं असावं तसं. कराडच्या स्टँडवर मोकळी होऊन आलेली मी पुढच्या दोन-चार गावांतच पाय आवळून बसायची. गडीमाणसाचं एक बरं असतं, झाड दिसलं की झालं. बाईनं काय करायचं? त्यातून अंगावर खाकी. खाकीतल्या बाईला सगळं गाव ओळखतं.

आमचे ड्रायव्हर मोहिते मामा. निवृत्तीला आलेले, बोलायला कमी. एक दिवस कुंडलच्या अलीकडं त्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, मागच्या चाकावर लाथ मारून बघितली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ताई, हवा कमी वाटती. जरा टायम लागंल."

शेजारी ऊस उभा होता. मी समजले. उतरले आणि उसात शिरले.

त्या दिवसापासून आमच्या गाडीच्या मागच्या चाकातली हवा रोजच कमी व्हायला लागली. मामांनी कधी काही विचारलं नाही, मी कधी काही सांगितलं नाही. पण रोज तेच ते बघून माणसांना काय कळत नाही? एकदा मी उसातून ओढणी सारखी करत गाडीत चढले आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं, "पंक्चर चाक न्हाई, बाई झालीया!"

सगळी गाडी हसली. बायकासुद्धा. मी मान खाली घालून पैसे मोजत बसले. पैसे बरोबरच होते.

*

डॉक्टरकडं गेले नव्हते असं नाही. उंब्रजमधल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी शुगर तपासली. जेवणाआधीची, जेवणानंतरची. "एकदम नॉर्मल," ते म्हणाले. मी सुटले असं मला वाटलं. मग लघवीची तपासणी झाली, जंतू नव्हते. कराडला एका डॉक्टर बाईंना दाखवलं. त्यांनी घरचं विचारलं. नवरा लांब असतो, ड्युटीची दगदग, झोप नाही, हे सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मनावर ताण आहे. ताणानंही घसा सुकतो. पाणी जरा बेतानं प्या."

त्यांची चूक नव्हती. मी त्यांना फक्त तहान सांगितली होती. किती वेळा जावं लागतं ते विचारलं तेव्हा "होतं जरा जास्त" एवढंच बोलले. आणि अंथरुणाचं तर अजिबात सांगितलं नाही.

ते इथं लिहिते. दिवसभराच्या दमणुकीनं मला मेल्यासारखी झोप लागायची, आणि कधी कधी पहाटे जाग यायची ती ओलीनं. चाळिशीला टेकलेली बाई मी. एका पोरीची आई. घरात कुणी उठायच्या आत चादर धुवून दोरीवर टाकायची, गादी उलटी करायची, उदबत्ती लावायची. आत्यांना म्हणायची, "घाम येतो हो फार."

आत्या तशा तोंडाच्या फटकळ. हंडा रिकामा दिसला की म्हणायच्या, "पोटात हौद हाय का काय तुझ्या? पोरीला घोटभर तरी ठेव." चादरीबद्दल मात्र त्या कधी काही बोलल्या नाहीत. एक दिवस ड्युटीवरून आले तर माझ्या उशीखाली एक मेणकापड घडी करून ठेवलेलं. ईश्वरी तान्ही असताना तिच्याखाली घालायचो ते. कपाटाच्या तळातून कुणीतरी काढून, धुवून, वाळवून ठेवलं होतं. घरात आत्यांशिवाय दुसरं कोण होतं?

ते बघून मला आधार वाटायला हवा होता. मला मरून जावंसं वाटलं. म्हणजे त्यांना ठाऊक आहे. रोज चहा देताना त्या माझ्या तोंडाकडं बघतात तेव्हा त्यांना ठाऊक असतं.

ईश्वरी माझ्याशेजारी झोपायची. त्याच आठवड्यात ती म्हणाली, "आई, मी आजीजवळ झोपू?" का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

*

कराडच्या बाईंचं ऐकून मी पाणी कमी केलं. ड्युटीच्या आधी प्यायचंच नाही असं ठरवलं. डोकं ठणकायचं, भाकरीचा घास गिळवेना, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, तरी लघवी काही कमी होईना. शरीर कोरडं पडत होतं आणि पाणी मात्र सोडत होतं. तेव्हाच कळायला हवं होतं की हे मनाचं नाही. पण मला वाटायचं, आपलाच निश्चय कमी पडतोय.

कारखान्यांचे हंगाम सुरू झाले होते. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एका दुपारी कुंडलच्या फाट्याच्या पुढं उसाची ट्रॉली आडवी झाली आणि दोन्हीकडून गाड्या अडकल्या. आमची गाडी खचाखच भरलेली. पुढं ट्रक, मागं ट्रक, आणि दोन्ही अंगाला मोळ्या वेचायला जमलेली माणसं. मामांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. ‘हवा कमी आहे’ असं म्हणून आज उपयोग नव्हता. उतरून जाणार कुठं?

मी धरून ठेवलं. घाम फुटला, पोटात कळा आल्या, दांडा धरलेला हात पांढरा पडला. मग ते माझ्या हातात राहिलं नाही.

खाकी रंग ओला झाला की काळा दिसतो. सलवारीवरून तो खाली खाली उतरत गेला आणि पायाशी पाणी साचलं. समोरच्या सीटवरच्या दोन पोरांनी आधी खाली बघितलं, मग माझ्याकडं.

तेवढ्यात शेजारची एक बाई उठली. डोक्यावर पदर, मांडीवर बाजाराची पिशवी, कुठल्या गावची मला आजतागायत माहीत नाही. तिनं आपली पाण्याची बाटली उघडली आणि धबाधबा माझ्या अंगावर, सीटवर, खाली ओतली. मग मोठ्यानं ओरडली, "अगं बया! सांडलं की सगळं माझ्याकडनं! भिजलासा की हो मॅडम, माफ करा बरं का!"

मी तिच्याकडं बघत राहिले. तिनं फक्त डोळे मिटून उघडले. पदराच्या टोकानं माझी सलवार पुसल्यासारखं केलं आणि परत आपल्या जागेवर बसून खिडकीबाहेर बघायला लागली. पलूसला ती उतरली तेव्हा तिला धन्यवाद म्हणायचंही मला सुचलं नाही. तोंड वर करायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी रजा टाकली. कारण लिहिलं, पोटदुखी.

*

विलास डिसेंबरमध्ये सुट्टीवर आले. बायका नवऱ्याच्या सुट्टीची वाट बघतात, मी दिवस मोजत घाबरत होते. पहिल्याच रात्री मी माझं अंथरूण स्वयंपाकघरात टाकलं. कारण दिलं, खोकला आहे. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या सकाळी मी मोरीत चादर धूत होते तेव्हा ते मागं येऊन उभे राहिले.

"वैशाली, माझं काय चुकलंय का?"

"न्हाई."

"मग मी आलो की तू सैपाकघरात जातीस. फोनवर धड बोलत न्हाईस. कामावर न्हाईस हे मला आईकडनं कळतंय. लोकं इचारत्यात, मी काय सांगू?"

माझ्या हातात चादर होती. मी पुन्हा पुन्हा तीच जागा घासत होते.

"आवं, मी अंथरूण ओलं करते," मी म्हणाले. "पोरासारखी. गाडीतपण झालंय. सगळ्यांच्या समोर. आता सांगा लोकांना."

मी वर बघितलं नाही. मग ते खाली बसले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. एकट्या बाईला चादर नीट पिळता येत नाही, हे ज्यानं धुतली आहे त्याला ठाऊक असतं. दोघांनी मिळून ती पिळली.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

"मार्चपास्नं."

"आणि मला आत्ता सांगतीस व्हय?"

"काय सांगायचं हुतं? तुमी तिकडं बर्फात, आणि मी फोनवर ह्ये सांगू?"

त्याच दिवशी ते मला घेऊन उंब्रजच्या डॉक्टरांकडं गेले. या वेळी मी सगळं सांगितलं. दिवसाला किती हंडे पिते, किती वेळा जाते, चादर, गाडी. सांगताना मी डॉक्टरांकडं नाही, भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं बघत होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला.

"ताई, हे त्या वेळी का नाही बोललात? तुम्ही मला फक्त तहान सांगितली होती."

त्यांनी सांगलीच्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली. नऊ-दहा महिने मी आजारापेक्षा लाजेला जास्त जपलं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

*

सांगलीच्या डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "पाणी बर्फाचंच लागतं का?"

मी चकित झाले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न होता, "पाळी येते का?" पाळी कधीच थांबली होती. वय झालं असेल म्हणून मी गप्प बसले होते. मग त्यांनी थंडी किती वाजते, थकवा किती, नजर कमी झाली का, सगळं विचारलं. मी एकेक करत उत्तरं देत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "एक दिवस दवाखान्यात ठेवून पाणी बंद करून बघायचं. तुमचं शरीर पाणी राखतं का ते कळेल. त्रास होईल, पण आम्ही लक्ष ठेवून असू."

विलासची सुट्टी संपत आली होती, त्यांना तिकिटाचं बघायचं होतं. म्हणून माझ्यासोबत आत्या आल्या.

सकाळपासून पाणी बंद. थोड्या थोड्या वेळानं सिस्टर वजन करायची, लघवी मोजपात्रात घ्यायची, रक्त काढायची. बाथरूमचा नळ बाहेरून बंद केला होता. पहिले काही तास मी आत्यांशी बोलत होते. मग बोलणं बंद झालं. ओठ फुटले. थुंकी येईना. आणि लघवी मात्र तशीच, नळासारखी, मोजपात्र भरभरून. खिडकीखाली उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, त्याची घुंगरं एकसारखी वाजत होती. मी कानात बोटं घातली.

दुपारी पुन्हा लघवी द्यायला आत गेले. कोपऱ्यात एक बादली होती. संडासात ओतायला ठेवलेली, निम्मी भरलेली. ती काढायची राहून गेली होती.

मी आधी तिच्याकडं पाठ केली. नंतर तिच्यापुढं बसले. ओंजळ घातली आणि प्यायले. मग ओंजळीनं भागेना, बादलीच तिरकी केली आणि तोंड लावलं. पाण्याला फिनेलचा वास होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. इतकं चांगलं पाणी मी कधी प्यायले नव्हते, असं तेव्हा वाटलं, आणि हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा येतोय.

मागं वळले तर दारात आत्या.

माझी हनुवटी गळत होती. गाऊनचा गळा भिजला होता. ज्या बाईनं मला लग्नात हळद लावली, तिनं मला संडासातल्या बादलीला तोंड लावताना बघितलं होतं. आत्यांनी पदर ओढला, माझी हनुवटी पुसली, गळा पुसला. "चल. भाईर चल," एवढंच म्हणाल्या.

पलंगावर बसल्यावर मी त्यांचा हात धरला. "आत्या, कुणाला सांगू नका."

"मी न्हाई सांगायची," त्या म्हणाल्या. "पर तू सांग."

"मला न्हाई जमणार."

"तू न्हाई सांगितलंस, तर ती डॉक्टरीण सगळं कागदावर बघून म्हनंल, बाई बरी हाय, जा घरला. मग काय करशील? आनि एक वर्स चादरी धुशील? दोरीवर रोज चादर का वाळती ते मला कळत न्हाई व्हय गं? मी वाट बघत हुते, तू कवा बोलशील त्याची. मी बी चुकले. मीच बोलाय पायजे हुतं."

सिस्टर आली तेव्हा मी म्हणाले, "डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आल्या. मी सांगितलं. बादलीतलं, हेही सांगितलं. मला वाटलं त्या नाक मुरडतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"तुम्ही पहिल्या नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं शरीर पाणी राखतं, त्यांनाही या तपासणीत तहान लागते. ते आमच्या नावानं ओरडतात. पण बादलीकडं जात नाहीत. तपासणी पुन्हा करू. सांगितलंत ते फार चांगलं केलंत, नाहीतर मी चुकीचं वाचलं असतं."

मग पोट बिघडू नये म्हणून त्यांनी एक गोळी दिली आणि सिस्टरला बादलीवरून झापलं. मी तोंड पांघरुणात घातलं होतं.

*

दुसऱ्या वेळी खोलीत आल्या आल्या आत्यांनी आपली पाण्याची बाटली सिस्टरच्या हातात दिली. "मीबी आज घ्यायची न्हाई. हिला बघत कसं पिऊ?"

"आत्या, तुमची बीपीची गोळी?"

"गिळली सुकीच. जात्यात गोळ्या, काय हुतंय?"

सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्ही प्या हो, तुम्ही कशाला?" आत्यांनी तिच्याकडं असं बघितलं की ती वजनकाटा घेऊन आली आणि पुन्हा त्या वाटेला गेली नाही. दिवसभर आम्ही दोघी सुकल्या तोंडानं बसलो. मी रडायला लागले की त्या माझ्या पायाला चिमटा काढायच्या. दुपार कलल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "बास, कळलं," आणि मला एक इंजेक्शन दिलं. आता थोडं थोडं पाणी प्या म्हणाल्या. आत्यांनी मला आधी पाजलं, मग स्वतः प्यायल्या.

संध्याकाळच्या सुमाराला मी लघवीला गेले. बराच वेळ आपण गेलोच नव्हतो हे तेव्हा ध्यानात आलं. मोजपात्रात थोडीशीच होती, आणि पिवळी होती.

मी ते पात्र उजेडाला धरून बघत उभी राहिले. पिवळा रंग. माणसाच्या लघवीला असतो तसा. दार उघडून मी आत्यांना दाखवलं. जगातली कुठली सून सासूला असलं काही दाखवत असेल! आत्या बघून म्हणाल्या, "देवा, झालं माझं काम," आणि मग आम्ही दोघी हसलो आणि मग मी रडले.

*

आजाराचं नाव डायबिटीस इन्सिपिडस. साखरेचा त्याच्याशी काहीच संबंध नाही, फक्त नावात डायबिटीस आहे. आमच्या उसाच्या मुलखात बिनसाखरेचा डायबिटीस म्हटलं की लोक हसतात, म्हणून मी आता नाव सांगायचं सोडून दिलंय.

डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय दाखवून समजावलं. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग असतो. रक्त घट्ट झालं का, अंग गार पडलं का, भूक लागली का, सगळ्यावर तो नजर ठेवतो. त्याच्या खाली, वांगं देठाला असावं तशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबत असते. ती पिच्युटरी. वरचा खालचीला सांगतो, आणि खालची रक्तातून साऱ्या अंगाला निरोप धाडते. थायरॉइडला, अंडाशयाला, किडनीवरच्या ग्रंथींना. पाळी, थकवा, थंडी, सगळं तिथून चालतं. पाणी राखायचं हार्मोन तर वरच तयार होतं आणि देठातून खाली उतरून साठतं.

"तुमचा देठ सुजलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून ते खाली उतरत नाही. मग किडनीला निरोपच जात नाही की पाणी राख."

मी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे स्टँडवरचा कंट्रोलर बोलतोय, पण स्पीकरची वायर तुटलीय."

"अगदी तसंच."

"मग गाड्या आपल्या आपण सुटतायत."

त्या हसल्या. मला मात्र एकदम बोचलं. एवढ्याशा देठासाठी मी स्वतःला वर्षभर घाणेरडी बाई समजत होते.

मग मी भीतीचा प्रश्न विचारला. गाठ आहे का? "आत्ता सूज दिसते. गाठ नाही असं आज म्हणता येतं. पण काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढावाच लागेल." तो फोटो आता दोनदा झाला आहे आणि सूज उतरली आहे. पण प्रत्येक वेळी त्या यंत्रात आडवं पडलं की माझे हात गार पडतात. सुजेवरच्या गोळ्यांनी काही महिने माझं तोंड फुगलं होतं. बायका म्हणायच्या, "तब्येत झाली बाई तुमची." पाळीसाठी आणि थायरॉइडसाठी वेगळ्या गोळ्या. पाणी राखायची गोळी बहुतेक जन्मभर.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण मी तिथं फसले. गोळी सुरू झाल्यावरही मी सवयीनं पाणी पीतच राहिले. भीती होती, तहान परत येईल याची. दोन-तीन दिवसांत डोकं जड, मळमळ, ईश्वरीचं बोलणं लांबून आल्यासारखं. आत्यांनी फोन लावला आणि डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं. गोळी पाणी अंगात धरून ठेवते. वरून ओतत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. आता मी तहान लागली तरच पिते. तहान लागली तरच, एवढं साधं वाक्य मला नव्यानं शिकावं लागलं.

ईश्वरी परत माझ्याजवळ झोपते. मी बोलावलं नाही. एक दिवस उशी घेऊन आली.

*

मी परत रुजू झाले तेव्हा मोहिते मामा निवृत्त झाले होते. नवा ड्रायव्हर तरुण पोरगा आहे, सदा घाईत. गोळीचा असर उतरायच्या वेळी मला एकदा जावं लागतं. पहिले काही दिवस मी वेळ साधून गोळी घ्यायची आणि निभावून न्यायची. मग एका दुपारी सांगली सोडून बराच वेळ झाला होता. पलूसच्या पुढं मला कळलं, आता स्टँड गाठणं होणार नाही.

गाडीत जुनेच पासवाले होते. काहींना सगळं आठवत असणार. मी दांडा धरून पुढं गेले. कारण शोधत होते. चाक, मोबाईल, ओळखीचं माणूस. काहीच सुचेना, आणि वेळ नव्हता.

"पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घ्या," मी म्हणाले. इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही.

"काय म्हनताय मॅडम?"

मग मला मोठ्यानं बोलावं लागलं. "पंपावर घ्या गाडी! मला लघवीला जायचंय!"

अख्ख्या गाडीनं ऐकलं. मागं कुणीतरी हसलं. माझे कान तापले, मानेपर्यंत तापले. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मान डोलावली आणि पंपावर गाडी वळवली. मी मागं न बघता उतरले आणि पंपाच्या मागच्या बाजूला भराभर चालायला लागले.

मागून चपलांचा आवाज आला. मला वाटलं कुणी चेष्टेला आलंय. वळून बघितलं तर एक कडेवर पोर घेतलेली बाई, तिच्यामागं कॉलेजच्या दोन मुली, त्यांच्यामागं गुडघ्यावर हात टेकत एक म्हातारी, आणि अजून एक, आणि अजून एक. दाराशी ओळ लागली.

पोरवाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बरं झालं बाई तुमी बोललासा. सांगलीपास्नं दम धरलाय. म्हनलं, कुणीतरी म्हनंल, मग आपुन उतरू."

मी दाराला हात लावला होता. तिच्या कपाळावर घाम होता. मला तो घाम ओळखीचा होता.

"दे ते पोर इकडं," मी म्हणाले. "तू जा आधी."